दोरी ओलांडली म्हणून

"जरा वळ पोरी, पाणी नीट जाऊ दे," असं म्हणत ओक्सिमनं सुनेच्या अंगावर गरम पाण्याचं तपेलं रिकामं केलं मात्र, आणि हेवोन अशी काही कळवळली की बसायचं प्लास्टिकचं स्टूल तिच्याखालून निसटून भिंतीवर आपटलं. आठवा महिना सरत आलेला, पोट गुडघ्यांना टेकलेलं, तरीही दोन्ही हातांनी मांड्या मिटून घेत ती उभी राहायला धडपडत होती. ओक्सिमनं तिला सावरलं, काय झालं म्हणून खाली वाकून पाहिलं, आणि अंग घासायचा हिरवा हातमोजा तिच्या हातातून गळून पडला.

लालसर कातडीवर दाटीवाटीनं उठलेले बारीक, पाणीदार फोड... दोन-तीन फुटून ओले झालेले.

"आई, परवापासून आहे हे. लघवीला गेलं की आग आग होते. काय आहे हो हे?"

काय आहे ते ओक्सिमला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? स्वतःच्या हाताची दहा बोटं जितकी ओळखीची तितकेच हे फोड तिच्या ओळखीचे होते. चाळीस वर्षं ते तिच्या सोबतीला होते. फार दमलं, ताप आला, घरात पितरांच्या पूजेचा स्वयंपाक उपसला की ते यायचे, आठवडाभर छळायचे आणि आपले आपण निघून जायचे. डॉक्टरला तिनं कधी दाखवलं नव्हतं, आणि नवऱ्याशीही त्यावर कधी अवाक्षर बोलली नव्हती.

"दमणुकीचं आहे," ती म्हणाली. "पोटात बाळ असलं की अंगातली उष्णता कुठून तरी बाहेर पडते. मिठाच्या पाण्यानं धू, जाईल."

खोटं तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

सामछनपोच्या बंदराजवळचं, गावातल्या बायका पैसे देऊन न्हायला येत ते हे न्हाणीघर ओक्सिमचं होतं. गुरुवारी ते बाहेरच्यांना बंद असे आणि त्या दिवशी सासू-सून एकमेकींची पाठ घासून देत. एवढ्या जिव्हाळ्याच्या वेळी तिसरं माणूस कशाला हवं, पण सुन्छनवाली होतीच. तीस वर्षांपूर्वी सुन्छनहून इथे आली म्हणून सगळे तिला सुन्छनवाली म्हणत. खरं नाव बहुधा तिलाही आठवत नसेल. गिऱ्हाइकांची अंगं घासून देणं हा तिचा धंदा, आणि घासता घासता गावाच्या बातम्या काढून घेणं हा छंद. ती कोपऱ्यात फरशी घासत होती, आणि तिच्या डोळ्यांतून काही सुटलं नव्हतं.

हेवोन कपडे करायला गेल्यावर ती जवळ आली. "ताई, मोठ्या हौदातलं पाणी सोडून देते. उद्या बायका उतरायच्या त्यात. आणि राग मानू नका, पण तुमचा थेग्यू जहाजावर जाऊन सहा महिने झाले ना हो?"

"तू फरशी घास," ओक्सिम म्हणाली. पण हौद रिकामा करायला तिनं नाही म्हटलं नाही. स्वतःच्याच न्हाणीघरातल्या त्या हौदात ती स्वतः चाळीस वर्षांत कधी उतरली नव्हती. आपल्या अंगचं पाण्यातून दुसरीला जाईल, या धास्तीनं ती कडेला बसून बादलीनं अंग धुई. मालकीण साधी आहे, असं बायका कौतुकानं म्हणत.

मिठाच्या पाण्यानं काय होणार होतं? चौथ्या दिवशी हेवोनला ताप भरला आणि कुणाला न विचारता ती बायकांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी फोडावरून कापसाची काडी फिरवून घेतली, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या आणि पाहताक्षणीच सांगितलं की हे बहुतेक हर्पीस आहे, शरीरसंबंधातून लागणारं, नक्की काय ते चार-पाच दिवसांत कळेल. घरी येऊन तिनं सासूला ते जसंच्या तसं सांगितलं. ती मुळी लपवाछपवी करणारी मुलगीच नव्हती! संध्याकाळी जहाजावरून थेग्यूचा फोन आला, तेव्हा तिनं त्यालाही सांगून टाकलं... नवराच तो, त्याच्यापासून काय लपवायचं, असं त्या भाबड्या जिवाला वाटलं.

थेग्यू मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. फोनच्या पडद्यावर त्याचा चेहरा थिजला.

"म्हणजे तो... तसा रोग?" तो म्हणाला. "मी सहा महिने पाण्यावर आहे, हेवोन. आणि तुला फोड या आठवड्यात आलेत."

"मला नाही माहीत कसं झालं ते. डॉक्टर म्हणतात, रक्त तपासल्यावर..."

"डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. मूल झालं की त्याची पण तपासणी करू. माझं आहे का नाही, ते तरी कळेल."

हेवोननं फोन हळूच खाली ठेवला. ती रडली नाही. तिनं फक्त सासूकडे पाहिलं, जणू या घरात एकच माणूस आहे जे आता काही बोलेल, आपल्या बाजूनं एक शब्द टाकेल... आणि ओक्सिम उठून कोबीची भाजी निवडायला बसली. बोलायला तोंड उघडलं तर चाळीस वर्षांचं सगळंच बाहेर पडेल, या भयानं तिनं ओठ शिवून घेतले होते. थेग्यूचे बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. गल्ल्यामागच्या भिंतीवर गणवेशातला त्यांचा फोटो होता, आणि पोरगा सुट्टीवर आला की आधी त्या फोटोपुढे वाकायचा आणि मग आईला भेटायचा. त्या फोटोला ती कुठल्या तोंडानं डाग लावणार होती? आणि स्वतःला?

किती हतबल होती ती! बोलावं तर नवऱ्याची आणि स्वतःची अब्रू जाते, न बोलावं तर निरपराध पोरीचा बळी जातो. रोज सकाळी ती ठरवी, आज सांगायचं. रोज संध्याकाळी सूपचं भांडं पुसून ठेवताना तिच्या लक्षात येई की आजही नाहीच झालं.

तिकडे सुन्छनवालीनं आपलं काम चोख बजावलं होतं. दोन दिवसांत न्हाणीघरातल्या बायका हेवोन दिसली की टॉवेल स्वतःकडे ओढू लागल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही, तब्येतीची चौकशी मात्र जरा जास्तच गोड आवाजात होऊ लागली.

नवव्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं. हेवोनची आई जिंजूला, अंथरुणाला खिळलेली; सोबत यायला दुसरं कोण होतं? ओक्सिम गेली. डॉक्टर प्यो ही केस बारीक कापलेली तरुण बाई होती. तिच्या टेबलावर कागद होते, आणि ते तिनं हेवोनपुढे सरकवले.

"फोडावरच्या पाण्यात हर्पीसचा विषाणू सापडला," ती म्हणाली. "पण मला जास्त बोलायचंय ते रक्ताबद्दल. या विषाणूशी लढणारी द्रव्यं तुमच्या रक्तात आधीच तयार आहेत. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी तीन महिने. मी रक्त घेतलं तेव्हा फोड येऊन जेमतेम आठवडा होत होता. म्हणजे फोड आत्ताचे असले तरी विषाणू जुना आहे. काही महिन्यांपूर्वीचा, कदाचित वर्षांपूर्वीचा. आजवर तो गप्प पडून होता. पोटात बाळ, जागरणं, थकवा... अशात तो डोकं वर काढतो."

हेवोननं कागद जवळ ओढले. "मग तो आला कुणाकडून?"

"ते सांगणारी तपासणी कुठेच नाही. नवऱ्याकडून आला असेल. लग्नाआधी कुणाशी संबंध आला असेल तर तिथून आला असेल."

"लग्नाआधी एकाशी माझं ठरलं होतं," हेवोन खाली मान घालून म्हणाली. "मोडलं मग."

"तर कदाचित त्याच्याकडून, आणि तुमच्याकडून नवऱ्यालाही गेला असेल. कुणालाच कळणार नाही. ज्यांच्या अंगात हा असतो त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. फोड नसतानासुद्धा कातडीला कातडी लागून तो जातो. म्हणून यात गुन्हेगार शोधत बसू नका, काही हाती लागत नाही."

"आणि पाण्यातून?" ओक्सिमनं विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "आमचं न्हाणीघर आहे. हौदातून, टॉवेलातून... कुणाला जात असेल ना?"

"नाही आजी. माणसाच्या कातडीबाहेर तो फार टिकत नाही. पाण्यातून, स्टुलावरून, टॉवेलावरून कुणाला झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. खुशाल हौदात बसा."

चाळीस वर्षं... ओक्सिमनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

डॉक्टर हेवोनला समजावत होती. हा विषाणू अंगातून कायमचा जात नाही, पण गोळ्यांनी तो दबून राहतो. फोड येण्याचं प्रमाण हळूहळू कमी होतं. फोड असताना किंवा येणार असं जाणवत असताना नवऱ्यापासून दूर राहायचं, एरवी निरोध वापरायचा. छत्तिसाव्या आठवड्यापासून रोज गोळी घ्यायची. कळा सुरू झाल्या की आधी नीट बघायचं; त्या वेळी फोड असले तर पोटावर शस्त्रक्रिया करून बाळ काढायचं, नसले तर नेहमीसारखं बाळंतपण. "तुमची लागण जुनी आहे ही चांगली बातमी समजा. तुमच्या रक्तातली ती द्रव्यं बाळाला मिळतायत. धोका अगदी थोडा आहे."

"मग धोका जास्त कुणाला असतो?" ओक्सिमनं विचारलं. का विचारलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"बाळंतपणाच्या तोंडावर ज्या बाईला पहिल्यांदाच लागण होते, तिच्या बाळाला. तिच्या रक्तात अजून काही तयारच झालेलं नसतं. बाळाला द्यायला तिच्याकडे काहीच नसतं, आजी."

"आणि... कसं होतं त्या बाळाचं?"

"जन्मतं तेव्हा धडधाकट असतं. आठ-दहा दिवस छान जातात. मग दूध सोडतं, सुस्तावतं, ताप येतो किंवा उलट अंग गार पडतं, झटके येतात. लगेच आणलं, शिरेतून औषध सुरू केलं तर आज पुष्कळ बाळं वाचतात. पूर्वी कळायचंच नाही काय झालं ते."

ओक्सिमच्या कानात समुद्रासारखं काहीतरी वाजू लागलं. खोली, डॉक्टर, भिंतीवरचं बाळाचं चित्र सगळं लांब लांब गेलं, आणि डोळ्यांपुढे उभी राहिली मातीच्या भिंतींची एक खोली, आणि दारावर बांधलेली गवताची दोरी.

ती सव्वीस वर्षांची होती. पहिलटकरीण. नवरा आठव्या महिन्यात रजेवर आला, आणि तो आल्यावर दहा-बारा दिवसांनी तिला ताप आला, फोड आले. लाजेनं तिनं कुणाला सांगितलं नाही. दोन आठवड्यांत मुलगी झाली... काळ्याभोर केसांची, मूठ घट्ट मिटलेली. सासूनं रीतीप्रमाणे दारावर कोळसा आणि पाइनची डहाळी खोवलेली दोरी बांधली. एकवीस दिवस बाहेरच्यानं आत यायचं नाही आणि बाळंतिणीनं ती दोरी ओलांडायची नाही. पण सातव्या दिवशी नवऱ्याचं जहाज सुटत होतं, वर्षभरासाठी. सासू वाणसामान आणायला गेली होती. ओक्सिम मुलीला निजवून, दोरी ओलांडून धक्क्यापर्यंत पळाली, आणि हात हलवून परत आली. नवव्या दिवशी मुलीनं दूध सोडलं. अकराव्या दिवशी पहाटे तिची मूठ आपोआप उघडली.

"तू दोरी ओलांडलीस," सासू म्हणाली होती. "बाहेरचं वारं घरात आणलंस. तूच खाल्लंस तिला."

मुलीचं नाव ठेवलेलं नव्हतं, सरकारात नोंद झालेली नव्हती. एका दुरडीत घालून डोंगरावर कुठंतरी पुरून आले, आणि कुठं ते आईला सांगायची पद्धत नव्हती. तेव्हापासून चाळीस वर्षं ओक्सिम स्वतःला मुलीची मारेकरी समजत आली होती. एका हात हलवण्यापायी!

"आजी? बरं वाटतंय ना?" डॉक्टरनं विचारलं.

"चाळीस वर्षांपूर्वी असं एखादं बाळ गेलं असेल..." ओक्सिम कशीबशी म्हणाली, "तर ते यानंच गेलं असेल का? घराबाहेर पाऊल टाकल्यानं नाही?"

डॉक्टरनं खुर्ची तिच्याकडे वळवली. "आज मी खात्रीनं काहीच सांगू शकत नाही, आजी. पण घराबाहेर पाऊल टाकल्यानं कुठलंच बाळ जात नाही."

म्हणजे ते पाऊल नव्हतं... मग तिचंच अंग होतं, तिचंच दूध पिणाऱ्या जिवाला तिच्याच अंगानं ते दिलं होतं! पापातून सुटका झाली की पाप बदललं, तेही त्या अभागिनीला कळेना. एवढं मात्र कळलं की तेव्हा तिला सांगणारं कुणी नव्हतं. आणि आज सांगू शकणारी ती स्वतः नऊ दिवस कोबीची भाजी निवडत बसली होती.

घरी आल्या आल्या हेवोननं बॅग काढली. दवाखान्याचे कागद तिनं वर ठेवले. "कागदांचे फोटो काढून त्यांना पाठवलेत. विश्वास ठेवायचा असेल तर ठेवतील. मी जिंजूला जाते. आईपाशी निजून राहीन, पण मुलाचा बाप कोण असं विचारणाऱ्याच्या घरात मी बाळंत होणार नाही."

तेवढ्यात थेग्यूचा फोन आला. त्याला बोलायचं होतं ते आईशी.

"कागद बघितले," तो म्हणाला. "जुना आहे म्हणे. किती जुना ते लिहिलेलं नाही. आई, तिला जायचं असेल तर जाऊ दे. तू मध्ये पडू नकोस."

ओक्सिमनं फोन जमिनीवर, उशीला टेकवून ठेवला, म्हणजे तिला दोन्ही हात मोकळे राहतील. मग ते हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना.

"थेग्यू, मी सांगते ते मध्ये न बोलता ऐक," ती म्हणाली. "हा रोग मला आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

कपड्यांच्या घड्या घालणारे हेवोनचे हात थांबले. फोनमधून इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"काय बोलतेस तू, आई?"

"तुझे बाबा रजेवर आले होते तेव्हा झाला. मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही."

"बाबांचं नाव घेऊ नकोस यात. गेलेल्या माणसावर..."

"बरं, नाही घेत. माझ्याकडून त्यांना गेला असं म्हण. तुझी आईच तशी होती असं समज, हवं तर. चालेल मला, सासष्ट वर्षांची झाले, आता माझं काय जायचंय. पण मी तशी नव्हते, थेग्यू. मी कुणाच्या वाऱ्यालाही उभी राहिले नव्हते. ते दाखवायला तेव्हा माझ्यापाशी काही नव्हतं, आणि आज हिच्यापाशीही काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, कुणाकडून आलं ते कळतच नाही. तुझ्याकडूनही असेल. तुला कधीच काही झालं नव्हतं का रे? आईला सांगू नकोस. स्वतःला विचार."

"पुढच्या बंदरात रक्त देतो," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

ओक्सिम मान वर करायला धजावत नव्हती. हेवोनच पुढे आली.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. काय आहे म्हणून विचारलं होतं."

"हो."

"नऊ दिवस तुम्ही माझ्याकडे बघत होतात... बायका टॉवेल ओढून घेत होत्या, तेही बघत होतात. तुमच्या मुलानं मला काय काय म्हटलं ते ऐकलंत, आणि भाजी निवडलीत."

ओक्सिमला वाटलं, सांगावं त्या मुलीचंही... म्हणजे हिला समजेल. पण ते सांगणं म्हणजे मेलेल्या लेकराला पुढे करून दया मागणं झालं असतं. "माझं चुकलं, पोरी," एवढंच ती म्हणाली, आणि सुनेपुढे जमिनीवर डोकं टेकलं. सासूनं सुनेपुढे असं वाकायची रीत त्या गावात काय, कुठेच नव्हती. हेवोननं तिला उठवलं नाही.

बॅग मात्र तिनं परत कपाटात ठेवली. "डॉक्टर इथे आहेत म्हणून राहते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं ओक्सिमला आई म्हणणं सोडलं. जेवण वाढलंय, गोळी घेतली, बाजारात जाऊन येते... सगळं बोलायची, कामाचं, नीट, आदरानं. फक्त त्या बोलण्याच्या मागे-पुढे आई हा शब्द नसायचा. न्हाणीघरात सुन्छनवालीनं पुन्हा एकदा हौदाचा विषय काढला, तेव्हा ओक्सिमनं चार बायकांदेखत सांगितलं, "पाण्यातून काही होत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तो रोग मलाही आहे, चाळीस वर्षं. कुणाला यायचं नसेल तर दुसरं न्हाणीघर पलीकडच्या गल्लीत आहे." काही बायका पलीकडच्या गल्लीत गेल्याही. सुन्छनवाली मात्र त्या संध्याकाळी निघताना दारात घुटमळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, ते डॉक्टर कुठे बसतात हो?"

तीन आठवड्यांनी थेग्यूचा फोन आला. या वेळी त्यानं बायकोला बोलावलं. त्याच्या रक्तातही तेच निघालं होतं, तेही जुनं. लग्नाआधी एकदा आले होते फोड; इंजिनखोलीतल्या उष्णतेचे असतील असं समजून त्यानं पावडर लावली होती आणि विसरून गेला होता. ते सांगताना तो लहान मुलासारखा रडत होता. हेवोननं शांतपणे ऐकून घेतलं. "कुणी कुणाला दिलं ते आपल्याला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "पण मूल कुणाचं असं मला कुणी विचारलं, ते मला पक्कं ठाऊक आहे. बाळ होऊ दे. इथे या, समोर बसून बोला. मग बघू."

बाळ झालं. कळा सुरू झाल्यावर डॉक्टर प्योनं नीट तपासलं, फोड नव्हते. मुलगी झाली, काळ्याभोर केसांची. ओक्सिम बाळंतिणीसाठी रीतीप्रमाणे सागरी शेवाळाचं सूप करी, दिवसातून कितीदा तरी. घरी सगळं तिनं केलं, दुपटी धुतली, सुनेचे पाय चेपले, पण बाळाला काही तिनं हातात घेतलं नाही. "हात ओले आहेत," म्हणायची. हात पुसून झाले की, "सर्दी होईलसं वाटतंय." हेवोनला वाटे, मुलगी झाली म्हणून नाराज असतील. ती विचारत नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी बाळानं दूध ओढलं नाही. दहा वाजता पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. तोंडात धरायचं, सोडायचं, डोळे मिटायचे. "झोपेत आहे," हेवोन म्हणाली. पण ओक्सिम एकदम पुढे झाली, बाळाला दुपट्यासकट उचललं, आणि चपलेत नीट पाय न घालताच रस्त्याकडे धावली. हेवोन बाळंतीण, पोट बांधलेलं, तशीच तिच्यामागे... टॅक्सीत ओक्सिम बाळाच्या तोंडाजवळ बोट धरून श्वास लागतोय का ते बघत राहिली.

दवाखान्यात बाळाला आत नेलं. रक्त घेतलं, ताप पाहिला. दारापाशी बाकावर बसलेली ओक्सिम पुढे-मागे डुलत काहीतरी पुटपुटत होती. हेवोन जवळ सरकली, तेव्हा तिला शब्द ऐकू आले.

"लगेच आणलं बघ या वेळी... या वेळी लगेच आणलं मी, बाळा. तेव्हा मला ठाऊक नव्हतं गं. कुणी सांगितलंच नाही मला..."

"कुणाशी बोलताय?" हेवोननं विचारलं.

आणि मग त्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत, ओक्सिमनं सगळं सांगितलं. दोरी, धक्का, हलवलेला हात, नवव्या दिवशी सोडलेलं दूध, उघडलेली मूठ. सांगताना तिला रडू आलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही न उच्चारलेले शब्द तिला एकेक करून शोधावे लागत होते. हेवोन ऐकत राहिली. डॉक्टरपुढे विचारलेले ते चमत्कारिक प्रश्न तिला आता समजले. बाळाला न घेणंही.

दार उघडून डॉक्टर प्यो आली. ताप नाही, घाबरण्यासारखं काही दिसत नाही. नाक चोंदलं होतं म्हणून दूध ओढता येत नव्हतं, आता साफ केलंय. रक्ताचा निकाल येईपर्यंत संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, म्हणाली. हेवोननं बाळाला छातीशी धरलं. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा बाळानं धरलं आणि घटाघटा ओढू लागलं. तो आवाज ऐकताच ओक्सिम भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर हात दाबून ढसढसा रडली.

नर्स कागद घेऊन आली. बाळाला ठेवून घ्यायचं तर घरच्यांची माहिती लिहावी लागते. आईचं नाव, वय, कितवं बाळंतपण, घरात कुणाला काही दुखणं. मग तिनं जमिनीवर बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं.

"आजी, तुम्हाला किती मुलं झाली?"

ओक्सिमनं डोळे पुसले. हा प्रश्न तिला जन्मभर विचारला गेला होता, आणि उत्तर ठरलेलं होतं. ती 'एक' म्हणणार, तेवढ्यात बाळावरची नजर न काढता हेवोन म्हणाली,

"दोन. मुलगी मोठी. मला नणंद होती, अकरा दिवसांची होऊन गेली." मग तिनं एक हात मोकळा करून सासूच्या दंडाला धरलं. "उठा आई, फरशी गार आहे."

नर्सनं कागदावर दोन लिहिलं.